स्विंग कोणाचा आणि कितीसा घ्यावा

हौशी गोल्फपटूला कधी ना कधी एखादा व्यावसायिक खेळाडू मनापासून आवडू लागतो आणि मग त्याचा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून चेंडू मारण्याची हालचाल, तो पुन्हा पुन्हा पाहत राहतो. ही आवड जुनी आहे. १९३० साली एकाच मोसमात चार मोठ्या स्पर्धा जिंकून स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झालेल्या बॉबी जोन्स यांनी पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्ससाठी गोल्फचे धडे देणारे लघुपट केले आणि अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत ते आवडीने पाहिले गेले. त्याच दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांनी झपाट्याने लुकलुकणाऱ्या स्ट्रोब दिव्याच्या साहाय्याने जोन्स यांच्या एका स्विंगचे अनेक क्षण एकाच छायाचित्रात पकडले. आज ते काम खिशातला मोबाइल करतो. टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेतल्या, कोणत्याही खेळाडूचा स्विंग मागून, समोरून, हव्या तितक्या संथ गतीने पाहता येतो, हव्या त्या क्षणी थांबवता येतो, त्यावर रेघा मारता येतात.

इतके सारे पाहायला मिळत असूनही हौशी खेळाडूंचा खेळ त्या मानाने सुधारलेला दिसत नाही. याचे कारण मला असे वाटते की आपण पाहतो पुष्कळ, पण त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवत नाही. मी पुण्यात खेळतो. वयाची पन्नाशी ओलांडली आहे, काम दिवसभर खुर्चीत बसवणारे आहे आणि सरावाला मिळतात त्या शनिवार-रविवारच्या सकाळी. अशा माणसाने टूरवरच्या पंचविशीतल्या, रोज व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या खेळाडूकडून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न गेली काही वर्षे मी स्वतःला गांभीर्याने विचारत आलो आहे, आणि वाचून, पाहून व मैदानावर पडताळून त्याचे जे उत्तर हाती लागले ते इथे मांडतो आहे.

सर्वप्रथम, स्विंगचा आकार ही उचलण्याची गोष्ट नाही. अमेरिकेचे व्यावसायिक खेळाडू जिम फ्युरिक यांचा स्विंग ज्याने पाहिला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. त्यांचा क्लब वर जाताना जवळजवळ उभा, शरीरापासून दूर जातो आणि खाली येताना एक मोठा वळसा घेऊन आतल्या बाजूने चेंडूकडे उतरतो. कोणताही शिक्षक वर्गात असा स्विंग शिकवणार नाही. याच स्विंगने फ्युरिक २००३ ची यूएस ओपन जिंकले, २०१३ मध्ये ५९ आणि २०१६ मध्ये ५८ फटक्यांची फेरी खेळले. अमेरिकेतल्या पुरुषांच्या पीजीए टूरवर ५८ ची फेरी खेळणारे ते पहिलेच. वडील माइक फ्युरिक हेच त्यांचे गुरू होते आणि मुलाचा तो वळसा सरळ करण्याच्या भरीस ते पडले नाहीत, हा त्या गुरूचा मोठेपणा. आपले जीव मिल्खा सिंग यांचा स्विंगही पाठ्यपुस्तकात बसणारा नव्हे, पण युरोपियन टूरवर १९९८ मध्ये पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय ठरले आणि २००६ साली स्पेनमधल्या वाल्डेरामासारख्या खडतर मैदानावर त्यांनी व्होल्वो मास्टर्स जिंकली.

स्पेनचे जॉन राम यांचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. त्यांचा बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे वर नेण्याची हालचाल, आखूड, क्लब खांद्याच्या वर फारसा न जाणारा, आणि तरीही अंतर प्रचंड. तो पाहून कितीतरी तरुणांनी आपला बॅकस्विंग आखूड करून पाहिला. २०२१ मध्ये राम यांनी त्यामागचे कारण सविस्तर सांगितले. त्यांचा उजवा पाय जन्मतः वाकडा होता, त्यावर उपचार झाले, पण तो घोटा पुरेसा हलत नाही आणि तो पाय डाव्यापेक्षा किंचित आखूडही राहिला. लांब बॅकस्विंग घेतला तर तोल आणि बळ दोन्ही हातचे जातात, म्हणून त्यांचे शरीर त्या आखूड स्विंगवर येऊन ठरले. माझी नक्कल करू नका, तुमचे शरीर काय सांगते ते ऐका, अशाच आशयाचे ते त्या वेळी बोलले. ज्या गोष्टीला आपण शैली समजत होतो ती एका विशिष्ट घोट्याची गरज होती. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो: गुरूची गायकी गळ्यावर चढण्याआधी गुरूची मान वेळावण्याची लकब शिष्याच्या अंगी येते, आणि ऐकणाऱ्याला ती आधी दिसते.

आता हाच विचार थोडा खोलवर न्यायचा तर बेन होगन यांच्याकडे जावे लागते, कारण स्विंगचा अभ्यास म्हणून आज जे काही चालते त्यावर त्यांच्याइतकी छाप क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल. टेक्सासमध्ये १९१२ साली जन्मलेला, सुरुवातीची अनेक वर्षे टूरवर अक्षरशः पोटाला चिमटा घेऊन काढणारा हा माणूस एकट्याच्या नावावरचे पहिले मोठे यश मिळवू शकला ते १९४० मध्ये. तोपर्यंत त्यांना छळत होता तो हूक, म्हणजे चेंडू सरळ निघून ऐन वेळी खाली झुकत डावीकडे पळणे. होगन यांचे हात विलक्षण वेगाने फिरत आणि दबावाच्या क्षणी ते जास्तच फिरत. त्यांनी सरावाच्या मैदानावर तासन् तास एकट्याने घालवून यावर उतारा शोधला. डाव्या हाताची पकड डावीकडे वळवून अंगठा शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या, मधोमध आणला, आणि बॅकस्विंगच्या टोकाला डावे मनगट किंचित मागे मोडू दिले. या दोन गोष्टींमुळे क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग, उघडा (उजवीकडे वळलेला) राहतो, आणि मग कितीही जोराने मारले तरी चेंडू डावीकडे पळण्याची भीती उरत नाही. १९४९ च्या फेब्रुवारीत बसशी झालेल्या भीषण धडकेतून ते वाचले, पुन्हा चालू शकतील की नाही अशी शंका होती, आणि १९५० च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मेरियन मैदानावर ते यूएस ओपन जिंकले. १९५३ साली मास्टर्स, यूएस ओपन आणि स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन अशा तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने होगन यांचे ‘गुपित’ म्हणून ते मनगट आणि ती पकड जगापुढे ठेवली.

इथे हौशी वाचकाने क्षणभर थांबून स्वतःला विचारायला हवे की, होगन यांना जो त्रास होता तो मला आहे का? बहुसंख्य हौशी खेळाडूंना हूकचा नव्हे, स्लाइसचा त्रास असतो. त्यांचा चेंडू उजवीकडे वळत जाऊन झाडीत किंवा शेजारच्या फेअरवेत पडतो. क्लबफेस आधीच उघडा असलेल्या माणसाने तो आणखी उघडण्याचा उपाय श्रद्धेने अमलात आणला, तर त्याचा स्लाइस वाढणार यात नवल नाही. तरीही अनेक दशके तेच झाले. इतक्या थोर माणसाने इतक्या कष्टाने मिळवलेले ज्ञान खोटे कसे असेल, या भावनेने लोकांनी त्याची पकड उचलली. ते ज्ञान खोटे मुळीच नव्हते. ते एका विशिष्ट हातांच्या जोडीसाठी खरे होते. म्हणून मी असे मानतो की व्यावसायिकाच्या स्विंगमध्ये एखादी गोष्ट डोळ्यात भरली की ती उचलण्याआधी ती कशासाठी आहे हे शोधावे, आणि कारण सापडले नाही तर ती गोष्ट तिथेच ठेवावी.

माझा स्वतःचा चेंडू उजवीकडे वळणारा. त्यामुळे होगन यांच्याविषयी मनात अपार आदर असूनही मी डाव्या हाताची पकड त्यांच्या उलट दिशेने, म्हणजे थोडी उजवीकडे वळवून घेतली. वरून पाहताना डाव्या हाताची दोनऐवजी तीन बोटांची पेरे दिसावीत इतकीच. चेंडूच्या वळणाविषयीची जुनी समजूतही इथे तपासून घ्यावी लागते. क्लब ज्या वाटेने येतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि क्लबफेस जिकडे पाहत असतो तिकडे नंतर वळतो, असे पूर्वी सर्रास शिकवले जाई. ट्रॅकमन या डॅनिश कंपनीच्या रडारसारखी यंत्रे सरावाच्या मैदानावर आल्यानंतर चित्र उलटे निघाले: चेंडू निघतो तो बहुतांशी क्लबफेसच्या दिशेने, आणि वळतो तो फेस व क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. हौशी खेळाडूला याचा अर्थ फार मोठा आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो उभा राहताना अंग डावीकडे वळवतो, क्लब आणखी बाहेरून आत ओढला जातो, फेस आणि वाट यांतला फरक वाढतो आणि वळण अधिकच तीव्र होते. ज्या दिशेने पळ काढावा तिकडेच संकट वाढावे, अशी ती अवस्था असते. पकड बदलून फेस मिटला की मगच वाट दुरुस्त करण्यात अर्थ आहे. आधी वाट दुरुस्त केली तर चेंडू सरळ उजवीकडे निघून जातो आणि शिकणारा हिरमुसून जुन्या सवयीकडे परततो.

आकार वेगवेगळे असले तरी चेंडूवर क्लब आदळण्याच्या क्षणी हे सारे खेळाडू एकमेकांसारखे दिसू लागतात. आयर्नने, म्हणजे मध्यम आणि छोट्या अंतराच्या क्लबने, खेळताना हात चेंडूच्या किंचित पुढे असतात, शरीराचा बहुतेक भार पुढच्या पायावर गेलेला असतो, कंबर लक्ष्याकडे वळू लागलेली असते, आणि क्लबच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या काही इंच पुढे असतो. फ्युरिक यांचा वळसा आणि राम यांचा आखूड स्विंग या एका जागी येऊन मिळतात. हा क्षण किती लहान असतो याची कल्पना आकड्यांनीच येते. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. पीजीए टूरवर ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा, सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास धरला तर क्लब एका सेकंदात ५० मीटर कापतो, आणि चेंडूच्या सोबत असताना जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो.

मोबाइलवर स्विंग टिपणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे. साध्या चित्रफितीत सेकंदाला ३० चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये तो ड्रायव्हर दीड मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो आणि महत्त्वाचे सारे त्या फटीत घडून जाते. सेकंदाला २४० चित्रे घेतली तरी दोन चित्रांत वीतभर अंतर राहते. शिवाय मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगात असलेला शाफ्ट कमानदार वाकलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला तो व्यावसायिकाच्या ताकदीचा पुरावा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वाक कॅमेऱ्याचा असतो. कॅमेरा कुठे ठेवला आहे याला तर फारच महत्त्व आहे. मागून चित्रण करताना तो हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवायचा; तो हातभर इकडेतिकडे सरकला की क्लब आतून येतो आहे की बाहेरून, याचा निर्णयच बदलतो. टूरवरच्या खेळाडूचे चित्रण दोरीपलीकडच्या प्रेक्षकाने कोणत्या कोनातून केले आहे हे आपल्याला माहीत नसते, आणि तरी आपण स्वतःचे चित्र त्याच्या शेजारी ठेवून रेघा जुळवत बसतो. या जोडचित्रांवर माझा विश्वास नाही.

जिथे विश्वास ठेवता येतो ती जागा म्हणजे जमीन. पुण्यात येरवड्याच्या मैदानावर व्यावसायिक स्पर्धा होतात, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेले उदयन माने यांच्यासारखा पुण्यात घडलेला खेळाडू या शहरापुढे आहे, त्यामुळे इथल्या हौशी माणसाला उत्तम खेळ जवळून पाहण्याची सोय आहे. मी अशा वेळी पहिल्या टीवर, म्हणजे फेरी सुरू होते तिथे, गर्दी करण्यापेक्षा सरावाच्या जागेजवळ उभा राहणे पसंत करतो. खेळाडू सराव आटोपून गेल्यावर त्याने मागे ठेवलेल्या डिव्हटकडे निरखून पाहावे. गवताचा निघालेला तुकडा साधारण नोटेएवढा, उथळ, सर्वत्र सारख्या खोलीचा, आणि तो सुरू होतो ती जागा चेंडू जिथे होता त्याच्या पुढे. आधी चेंडू, मग माती. सात नंबरच्या आयर्नने टूरवरचे पुरुष खेळाडू सरासरी सुमारे चार अंश खालच्या दिशेने मारतात, हा रडारचा आकडा त्या खड्ड्यात वाचता येतो. शेजारीच एखाद्या हौशी खेळाडूची सरावाची पट्टी असेल तर तिथले खड्डे चेंडूच्या मागे सुरू होतात, मागे खोल आणि पुढे उथळ असतात, किंवा गवताला धक्काच लागलेला नसतो.

हा गुण मात्र उचलण्यासारखा आहे, कारण त्याला घोटा, उंची किंवा वय आडवे येत नाही. त्यासाठी मी जो सराव करतो तो अगदी साधा आहे. मैदानावर रेघा आखायला वापरतात ती फक्की घेऊन गवतावर लक्ष्याच्या दिशेला काटकोनात एक सरळ रेघ ओढायची, चेंडू न ठेवता त्या रेघेवर स्विंग करायचा आणि माती रेघेच्या कोणत्या बाजूने निघते ते पाहायचे. रेघ शाबूत ठेवून तिच्या पुढची माती निघाली पाहिजे. रेघेवर चेंडू नसल्याने डोळा आणि मन दोन्ही शांत असतात आणि शरीराला स्वतःचा मार्ग शोधायला वाव मिळतो. ड्रायव्हिंग रेंजवरच्या चटईवर हे शिकता येत नाही. तिथे क्लब चेंडूच्या मागे आदळला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो. फेसवर चेंडू कुठे लागतो हे कळण्यासाठी टाल्कम पावडरचा पातळ थर पुरतो. चेंडूचा गोल ठसा उमटतो आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत हा ठसा विशेष पाहावा, कारण फेसच्या टाचेकडच्या, म्हणजे दांड्याजवळच्या, बाजूला लागलेला चेंडू उजवीकडे वळण्याचे फिरकीबळ घेऊन निघतो, आणि आपण तो दोष स्विंगच्या वाटेला लावत बसतो.

क्लब चेंडूच्या माथ्यावर लागून चेंडू जमिनीलगत सरपटत गेला की आमच्या मैदानावरचे अनुभवी कॅडी हमखास म्हणतात, “साहेब, डोकं वर येतंय.” ही माणसे आयुष्यभर स्विंग पाहत आलेली असतात आणि त्यांची नजर चुकत नाही, डोके खरेच वर आलेले असते. पण डोके वर येणे हा परिणाम आहे, कारण नव्हे. स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टम यांचा स्विंग पाहिला तर चेंडूवर क्लब आदळतो त्या वेळी त्यांचा चेहरा लक्ष्याकडे वळू लागलेला दिसतो, आणि त्यांनी दहा मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या व २००१ मध्ये ५९ ची फेरी खेळली. अमेरिकेचे डेव्हिड डुव्हल यांचेही तसेच. दुसरीकडे अमेरिकेचे दिग्गज खेळाडू जॅक निक्लॉस लहान असताना त्यांचे गुरू जॅक ग्राउट यांच्या साहाय्यकाने त्यांचे केस मुठीत धरून त्यांना डोके स्थिर ठेवायला शिकवले होते. या दोन गोष्टींत विरोध नाही. डोके आपल्या जागी राहिले पाहिजे, पण ते मानेवर फिरायला हरकत नाही. हौशी माणूस डोके गोठवून ठेवतो, त्यामुळे छाती वळत नाही, भार मागच्या पायावर अडकतो, आणि मग जमिनीवर आदळण्यापासून वाचण्यासाठी शरीर आपसूक वर उचलले जाते. मला ‘खाली पाहा’ यापेक्षा ‘छाती लक्ष्याकडे जाऊ द्या’ या सूचनेचा अधिक उपयोग झाला आहे.

मराठी माणसाच्या हाती क्लब येण्याआधी बहुधा बॅट येऊन गेलेली असते, हेही या ठिकाणी सांगायला हवे. सरळ ड्राइव्ह मारताना पुढचे कोपर उंच आणि बॅटचा चेहरा गोलंदाजाकडे धरून ठेवलेला, हे आपल्याला लहानपणापासून सुंदर म्हणून शिकवलेले असते. गोल्फमध्ये चेंडूला क्लब लागून गेल्यावर दोन्ही बाहू वळतात आणि डावे कोपर खाली, बरगडीकडे मिटते. ज्यांनी क्रिकेट मन लावून खेळले आहे त्यांना बॅटची ती सवय सोडवत नाही, आणि उघड्या फेसचा स्लाइस त्यांच्या हाती ठाण मांडतो. अशा खेळाडूने व्यावसायिकांच्या चित्रफितीत बॅकस्विंग न पाहता चेंडू गेल्यानंतर क्लब पुढे जातो तो अर्धा हात अंतराचा प्रवास पाहावा.

नमुना कोणाचा ठेवावा, याबाबतीत माझे मत ठाम आहे. पुरुषांच्या टूरवरचा ११३ मैलांचा वेग आपल्या आवाक्यातला नाही. महिलांच्या एलपीजीए टूरवर ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, आणि चांगल्यापैकी खेळणारा हौशी पुरुष साधारण तिथेच असतो. त्या वेगाने चेंडू दूर न्यायचा तर तो कसा मारावा लागतो, याचे उत्तर त्या खेळाडूंनी शोधून ठेवले आहे. पुरुष व्यावसायिक ड्रायव्हरनेही सरासरी किंचित खालच्या दिशेने मारतात; महिला व्यावसायिक सुमारे तीन अंश वरच्या दिशेने मारतात. वेग कमी असेल तर चेंडू उंच टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर), पुढच्या टाचेसमोर ठेवून वर जाणाऱ्या क्लबने मारण्यात फायदा आहे, हे त्यांच्याकडून शिकावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक मैदानातल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्यांपैकी एक असूनही अवघ्या एका फटक्याने कांस्यपदकापासून दूर, चौथ्या राहिल्या. त्या चार दिवसांचे चित्रण माझ्या मते कोणत्याही लांब मारणाऱ्याच्या चित्रणापेक्षा आपल्यासारख्यांना अधिक देणारे आहे. त्यांचे पाय, त्यांचा तोल आणि प्रत्येक फटक्याआधीची एकसारखी तयारी पाहावी.

ही तयारी सर्वांत सहज उचलता येते आणि सर्वांत कमी उचलली जाते. चेंडूसमोर उभे राहणे, पकड, पावलांची रेषा, चेंडूची जागा या गोष्टी स्थिर असतात. त्यांना ना लवचिकता लागते ना ताकद. अठरा मेजर जिंकणारे निक्लॉस दर मोसमाच्या सुरुवातीला ग्राउट यांच्याकडे जाऊन पकड आणि उभे राहण्यापासून पुन्हा धडे घेत. व्यावसायिकांच्या सरावाच्या जागी जमिनीवर दोन काठ्या आडव्या ठेवलेल्या दिसतात त्या याचसाठी.

लय हीदेखील मोजून घेता येते. जॉन नोव्होसेल यांनी टूरवरच्या खेळाडूंच्या चित्रफितींतली चित्रे मोजून २००४ मध्ये दाखवले की बॅकस्विंगला लागणारा वेळ डाउनस्विंगच्या जवळजवळ तिप्पट असतो. कोणी झपाट्याने मारतो, कोणी निवांत, पण तीनास एक हे प्रमाण टिकते. वर जायला पाऊण सेकंदाच्या आसपास, खाली यायला पाव सेकंद. हौशी माणसाला सगळे ‘सावकाश, सावकाश’ म्हणून सांगतात, म्हणून तो क्लब इतक्या संथपणे वर नेतो की टोकाला पोहोचेपर्यंत अंगातला सारा जोर संपतो आणि मग खाली येताना तो खांद्यांनी झडप घालतो. माझा बॅकस्विंग आता पूर्वीपेक्षा वेगवान आहे आणि फटका शांत झाला आहे.

अभ्यास करताना लक्ष कुठे ठेवावे, यावर गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फच्या छोट्या फटक्यांवर केलेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. नवशिक्यांच्या एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. क्लबकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले. म्हणून व्यावसायिकाचे चित्रण पाहून मनगट, कोपर, गुडघा असे शब्द मनात घेऊन मैदानावर जाण्यापेक्षा, क्लबने काय करायचे आहे, माती कुठून काढायची आहे, हा एक विचार नेणे बरे.

सध्या मी डाव्या टाचेवर काम करतो आहे. जोन्स आणि निक्लॉस दोघेही बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून उचलू देत, त्यामुळे कंबर मोकळी वळे. १९९२ नंतर खांदे आणि कंबर यांच्या वळणातला फरक वाढवण्याची लाट आली, कंबर रोखून धरायला शिकवले जाऊ लागले आणि टाच जमिनीला खिळली. तरुण, लवचिक पाठीला ते झेपते. माझी छाती खुर्चीत बसून आखडलेली आहे. टाच खिळवून ठेवली तर खांदे पुरते वळत नाहीत आणि उरलेले अंतर हात उचलून भरून काढले जाते. टाच उचलल्यापासून वळण पूर्ण होते, पाठीवरचा ताणही कमी झाला आहे. अट एवढीच आहे की हात खाली येण्याआधी टाच जमिनीवर परत टेकली पाहिजे. ती उशिरा टेकली की भार मागे राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो. ड्रायव्हरला आणि आयर्नला एकच नियम लावावा का, हे अजून ठरायचे आहे. निक्लॉस यांच्या जुन्या चित्रफितींत लांब क्लबला टाच चांगली उचललेली आणि छोट्या आयर्नला जवळजवळ जमिनीलगत दिसते, त्यामुळे तूर्त मी तोच क्रम धरला आहे आणि आयर्नच्या बाबतीत निकाल फक्कीच्या रेघेवर सोपवला आहे.